लेंटिक्युलर : डाळ की काच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विज्ञानाचे इंग्रजी लेख मराठीत आणते. गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद घरी आला. त्यावर घाईघाईच्या अक्षरात 'लेंटिक्युलर' असं काहीतरी खरडलेलं होतं. आईने विचारलं, "अगं, हे लेंटी काय लिहिलंय? काही वाईट नाही ना?" मी म्हटलं, "मसूर लिहिलंय." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. त्यानंतर हा शब्द ढगांच्या फोटोखाली, आकाशगंगांच्या लेखांत, छपाईवाल्याच्या दरपत्रकात भेटत राहिला आणि दर वेळी कुणीतरी त्याचा अर्थ विचारत राहिलं. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

लेंटिक्युलर म्हणजे थोडक्यात काय?

मसुराच्या आकाराचं. मध्ये फुगीर, कडेला निमुळतं होत गेलेलं. हा मूळ अर्थ. त्यातून निघालेला दुसरा अर्थ म्हणजे भिंगाचं, भिंगाशी संबंधित. पुढचा जवळजवळ सगळा गोंधळ या दोन अर्थांमुळे होतो.

मसुरासारखा म्हणजे नेमका कसा? गोल, लंबगोल की चपटा?

स्वयंपाकघरात जा आणि एक अख्खा मसूर तळहातावर घ्या. डाळ नको, सालीसकट तपकिरी दाणा हवा, कोल्हापूर-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर 'अख्खा मसूर' म्हणून मिळतो तो. वरून पाहिला तर जवळपास पूर्ण गोल. आता तो दोन नखांत धरून आडवा करा आणि कडेने बघा. मध्ये पोट, दोन्ही बाजूंनी सारखा उतार, आणि शेवटी पातळ कड. दोन उथळ ताटल्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखा. कागदावर काढायचा झाला तर दोन धनुष्यं समोरासमोर ठेवून टोकं जुळवायची.

साबुदाणा लेंटिक्युलर नाही, तो चहूबाजूंनी गोल असतो. रुपयाचं नाणं नाही, कारण त्याची जाडी मध्ये आणि कडेला सारखीच. अंडंही नाही, कारण त्याला कडच नाही. जेम्सची गोळी मात्र आहे, आणि औषधांच्या कितीतरी गोळ्याही तशाच असतात.

मसूरडाळीचा अर्धा दाणा घेतलात तर एक बाजू सपाट आणि एक फुगीर मिळते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांच्या आकृत्या असतात त्या आठवा. अख्खा मसूर म्हणजे द्विबहिर्वक्र भिंग आणि डाळ म्हणजे सपाट-बहिर्वक्र भिंग. शिकवताना हे दाणे हातात दिले तर आकृतीची गरजच पडत नाही.

उच्चार कसा करायचा?

लेन्-टिक्-यु-लर. जोर 'टिक्'वर. 'लेंटीक्यूलर' असं दोन्ही दीर्घ करून लिहिलेलं दिसतं, त्याने काही बिघडत नाही, पण बोलताना 'टी' लांबवू नये.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. लॅटिनमध्ये मसुराला 'लेन्स' म्हणतात. त्याचं लाडिक, लहान रूप 'लेंटिकुला', म्हणजे छोटा मसूर, मसुराचा दाणा. आपण तान्ह्याचं तान्हुलं करतो, तसलाच प्रकार. या लेंटिकुलाला विशेषणाचा प्रत्यय लागून 'लेंटिकुलारिस' झालं आणि इंग्रजीत आल्यावर त्याचं लेंटिक्युलर झालं. सर्क्युलर, मस्क्युलर, पार्टिक्युलर हे सगळे याच साच्यातले. त्यातला मस्क्युलर गमतीचा आहे. लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, आणि कातडीखाली पळणाऱ्या उंदरासारखा दिसतो म्हणून तो दंडाचा स्नायू. रोमन लोकांना शरीराकडे बघताना धान्य आणि उंदीर दिसायचे, एकूण कोठारच.

त्याच लेंटिकुलाचं फ्रेंचमध्ये 'लांतीय' झालं आणि तिथून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'लेंटिल' आलं. म्हणजे लेंटिल आणि लेंटिक्युलर ही सख्खी भावंडं. एक फ्रेंच आजोळी वाढलं, दुसरं पंडितांच्या लॅटिनमधून थेट आलं.

'लेन्स'मध्ये 'ट' नाही. मग लेंटिक्युलरमध्ये तो कुठून उगवला?

उगवला नाही, तो आधीपासून होताच. 'लेन्स'मध्ये तो गळालाय. मूळ अंग 'लेंट-'. प्रथमेचा 'स' लागला की 'ट' उच्चारात टिकत नाही आणि 'लेन्स' उरतं. बाकीच्या विभक्त्यांत 'ट' परत येतो, जसं 'लेंटिस', म्हणजे मसुराचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हनुमान आणि हनुमंत, भगवान आणि भगवंत यांत हेच होतं. अंगात 'त' आहे, प्रथमेत तो गळतो. लॅटिनमध्ये दाताला 'डेन्स' म्हणतात आणि दाताचं ते 'डेंटल', तेही याच चालीवर.

आधी डाळ की आधी काच? भिंगावरून डाळीचं नाव पडलं असेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. डाळ आधी. माणूस मसूर खातोय हजारो वर्षं, पश्चिम आशियात शेतीची सुरुवात झाली तेव्हाच्या पहिल्या पिकांपैकी तो एक. वाचायचे चष्मे मात्र इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आले. त्या फुगीर काचेच्या तुकड्याला काय म्हणावं हा प्रश्न पडला आणि समोर ताटात उत्तर होतं. म्हणून काचेला मसूर म्हटलं.

आता खरी गंमत. इंग्रजीत 'लेन्स' हा शब्द भिंगासाठी रुळला सतराव्या शतकाच्या अखेरीस. लेंटिक्युलर मात्र पंधराव्या शतकातच आलेला होता. म्हणजे इंग्रजीपुरतं बोलायचं तर विशेषण नामापेक्षा दोनेकशे वर्षांनी मोठं आहे! ते आलं वैद्यकातून. कवटीला भोक पाडण्याच्या शस्त्रक्रियेत एक खास पातं वापरत. त्याच्या टोकाला मसुरासारखं चपटं, बोथट बोंड असायचं, म्हणजे हाड कापताना मेंदूवरचं आवरण भोसकलं जाऊ नये. त्या हत्याराला लेंटिक्युलर म्हणत. त्याच्याआधी ग्रीक वैद्य गेलेन याच हत्याराला ग्रीकमधलं मसुरावरूनच पडलेलं नाव वापरतो. तेव्हा या शब्दात ना काच होती, ना चष्मा. फक्त आकार होता.

फुगीर घासलेला स्फटिक त्याहून खूप जुना आहे, हेही सांगायला हवं. इराकमधल्या निमरूद इथे १८५०च्या सुमारास ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांना असीरियन राजवाड्यात सापडलेला स्फटिकाचा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एक बाजू सपाट, एक फुगीर, अगदी मसूरडाळ. तो भिंग म्हणून वापरत की नुसता जडावकामाचा तुकडा होता, यावर अजून वाद आहे.

मग अंतर्वक्र भिंगाला 'लेन्स' का म्हणतात? ते तर मध्ये खोल असतं.

कारण नाव चिकटलं की आकाराला कोण विचारतं. मायनस नंबरच्या चष्म्याची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, म्हणजे मसुराच्या बरोबर उलट. तरी ती 'लेन्स'च. पण लेंटिक्युलर हे विशेषण आकारासाठी वापरलं असेल, तर तो आकार नेहमी मध्ये फुगीरच समजायचा. कडेला जाड असलेल्या वस्तूला कुणी लेंटिक्युलर म्हणत नाही.

इतर भाषांतही डाळ आणि काच एकच आहे का?

कितीतरी भाषांत. जर्मनमध्ये 'लिन्झे' म्हणजे मसूर आणि भिंगही. हंगेरियनमध्ये 'लेंचे' दोन्हीकडे. फ्रेंच माणूस 'लांतीय' शिजवतो आणि तेच डोळ्यात घालतो, कारण कॉन्टॅक्ट लेन्सलाही लांतीयच म्हणतात. अरबीत 'अदस' म्हणजे मसूर आणि 'अदसा' म्हणजे भिंग; उर्दूतही भिंगाला अदसा आहे. तुर्कीत मसूर 'मेर्जिमेक' आणि भिंग 'मेर्जेक'.

मराठीत मात्र दोघांचा संबंध नाही. मसूर संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि काचेला आपण भिंग म्हणतो. त्यामुळे जर्मन मुलाला जे फुकटात कळतं ते आपल्या मुलाला सांगावं लागतं.

आपल्याकडे डोळा आणि मसूर हे नातं कुणीच जोडलं नव्हतं?

जोडलं होतं की! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचं वर्णन आहे. तिथे 'दृष्टी' हा डोळ्याचा भाग 'मसूरदलमात्र', म्हणजे मसुराच्या डाळीएवढा, असं सांगितलंय. पुढे त्याची चमक काजव्यासारखी, ठिणगीसारखी, असंही येतं. ही 'दृष्टी' म्हणजे बाहुली की तिच्यामागचं भिंग, यावर अभ्यासक भांडतात. पण उपमेला अख्खा मसूर न घेता 'दल' घेतलंय, अर्धा दाणा, याकडे माझं लक्ष दर वेळी जातं. निरीक्षण करणाऱ्याची नजर बारीक होती.

याखेरीज देवीच्या रोगाला आयुर्वेदात 'मसूरिका' म्हणतात, अंगावरचे फोड मसुरासारखे दिसतात म्हणून. रोमन लोकांनी कातडीवरच्या डागांना 'लेंटिगो' म्हटलं, तेही मसुरावरून, आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञ तोच शब्द वापरतात. आपण त्यासाठी दुसरं धान्य निवडलं. गालावर असतो तो तीळ.

डोळ्यांच्या रिपोर्टवर लेंटिक्युलर लिहिलं असेल तर घाबरायचं का?

नुसत्या शब्दाला घाबरायचं कारण नाही. तिथे अर्थ दुसरा आहे, 'डोळ्यातल्या भिंगाशी संबंधित'. लेंटिक्युलर ओपॅसिटी म्हणजे भिंगात आलेला धूसरपणा. हाच वाढला की आपण मोतीबिंदू म्हणतो. लेंटिक्युलर अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणजे ज्या वाकड्या नंबराचं कारण बुबुळावरच्या पारदर्शक पटलात नसून आतल्या भिंगात आहे तो. किती, कसं, कधी ऑपरेशन, हे डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त शब्दाची जबाबदारी घेते.

पण एकदा मसूर दिसला की नेत्ररुग्णालयात तो सगळीकडे दिसायला लागतो. 'फेको करायचंय' असं आता खेड्यापाड्यातली आजीही म्हणते. हे फेको ग्रीक 'फाकोस'वरून आलं, आणि फाकोस म्हणजे, अर्थातच, मसूर. फेकोइमल्सिफिकेशन या लांबलचक नावाचा शब्दशः अर्थ मसुराचं कालवण करणं असाच काहीसा होतो, आणि प्रत्यक्षातही धूसर झालेलं भिंग अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी फोडून, पातळ करून ओढून घेतात. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स केलमन यांनी १९६७मध्ये ही पद्धत आणली. दात साफ करायच्या अल्ट्रासाउंड यंत्रावरून त्यांना ती सुचली, म्हणजे दंतवैद्याच्या खुर्चीत.

ऑपरेशननंतरच्या कागदावर 'स्यूडोफेकिया' लिहितात. स्यूडो म्हणजे खोटा, फेकिया म्हणजे मसूर. आत बसवलेल्या कृत्रिम भिंगाची ही नोंद. आईला हे सांगितल्यापासून ती शेजारणींना "माझ्या डोळ्यात खोटा मसूर आहे" असं सांगते.

जुन्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवेल. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास होण्याआधी मोतीबिंदू काढला की अतिशय जाड चष्मा मिळायचा. वजन कमी व्हावं म्हणून त्यात नंबर फक्त मधल्या गोल भागात असे आणि भोवतालची काच पातळ. त्या काचेला चष्म्याचे दुकानदार 'लेंटिक्युलर लेन्स' म्हणत. शब्दशः पाहिलं तर 'मसुरी मसूर'.

मराठीत काय म्हणावं? भिंगाकार की मसुराकार?

माझा नियम साधा आहे. आधी बघायचं की इंग्रजी वाक्यात डाळ आहे की काच. वस्तूचा आकार सांगितला असेल तर 'भिंगाकार' चालतं, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर 'भिंग' म्हटल्यावर फुगीर भिंगच येतं. वनस्पतिशास्त्रात, दाण्याबियांचं वर्णन करताना मी 'मसुराच्या आकाराचं' असं सरळ लिहिते. आणि जिथे लेंटिक्युलरचा अर्थ 'भिंगाचा' असा आहे, तिथे भिंगाकार चूक. 'लेंटिक्युलर ओपॅसिटी'चं 'भिंगाकार धूसरता' असं भाषांतर मी छापलेलं पाहिलंय. धूसरपणाला आकार नाही हो, तो भिंगात आहे.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता माझी. सुरुवातीच्या काळात एका लेखात मी 'लेंटिक्युलर गॅलक्सी'ला 'लंबवर्तुळाकार दीर्घिका' लिहून मोकळी झाले. फोटोत लांबट दिसत होती, म्हटलं असेल. लेख छापून आला आणि एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, एकाच ओळीचं : लंबवर्तुळाकार दीर्घिका हा वेगळा प्रकार असतो. कार्ड अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

मग लेंटिक्युलर दीर्घिका म्हणजे काय?

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी दीर्घिकांची वर्गवारी केली. एका बाजूला लंबवर्तुळाकार, म्हणजे ताऱ्यांचे गुळगुळीत गोळे. दुसऱ्या बाजूला सर्पिल, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, तबकडी आणि तिच्यात गुंडाळलेले बाहू. १९३६मध्ये त्यांनी या दोघांच्या सांध्यावर 'एस-शून्य' हा प्रकार ठेवला. तीच भिंगाकार दीर्घिका. तबकडी आहे, मध्ये ताऱ्यांचा फुगवटा आहे, पण बाहू नाहीत. नवे तारे घडवायला लागणारा वायू बराचसा संपलेला किंवा हिरावला गेलेला, म्हणून तारे बहुतेक म्हातारे, लालसर-पिवळे. दीर्घिकांची जिथे गर्दी असते, त्या समूहांमध्ये या जास्त सापडतात.

आकार कडेनेच कळतो, मसुरासारखाच. कालेय तारकासमूहातली एनजीसी ५८६६ ही दीर्घिका आपल्याला नेमकी कडेने दिसते, चार ते पाच कोटी प्रकाशवर्षांवरून. मध्ये पोट, दोन्हीकडे निमुळती, आणि मधोमध धुळीची एक बारीक काळी रेघ.

ते उडत्या तबकडीसारखे ढग दिसतात, ते हेच का?

हेच. हवामानशास्त्रात त्यांना लेंटिक्युलॅरिस म्हणतात. जपानचा फुजी, अमेरिकेतला रेनिअर यांच्या माथ्याशी ते इतके नेटके दिसतात की फोटो खोटा वाटावा. हिमालयात, लडाखकडे गेलेल्यांनीही पाहिले असतील.

त्यांची खरी करामत आकारात नाही, ते जागचे हलत नाहीत यात आहे. जोरदार वारं वाहतंय आणि ढग तासन् तास तिथेच! ओढ्यात पाण्याखाली मोठा धोंडा असला की त्याच्यापुढे पाण्याची एक लाट उभी राहते. पाणी धावत असतं, लाट मात्र तिथेच. डोंगरावरून जाणाऱ्या स्थिर थरांच्या हवेचं तसंच होतं. हवा वर चढते, थंड होते, बाष्पाचे थेंब होतात, ढग दिसतो. लाट उतरली की हवा उबदार होते, थेंब विरतात, ढग संपतो. एका काठाने ढग सतत तयार होतोय आणि दुसऱ्या काठाने सतत विरतोय. आपल्याला वाटतं एकच ढग टांगून ठेवलाय. असे थरावर थर आले की ताटल्यांची चळत रचल्यासारखी दिसते.

विमानाचे पायलट त्यांच्यापासून लांब राहतात, कारण आसपास हवा जोरात उसळत असते. बिनइंजिनाची ग्लायडर उडवणारे मात्र तीच लाट शोधत जातात आणि तिच्यावर स्वार होऊन खूप उंची गाठतात.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने रेनिअर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी 'उडत्या तबकड्या' हा शब्द जगाला दिला. त्या वस्तू सरकत्या होत्या, तेव्हा सगळं खापर ढगांवर फोडता येत नाही. पण त्यानंतर लोकांनी तबकड्या म्हणून दाखवलेल्या बऱ्याच गोष्टी म्हणजे हे ढग होते.

वाकवली की बदलणारी चित्रं मिळतात, त्यांना लेंटिक्युलर का म्हणतात? ती तर सपाट असतात.

लहानपणी जत्रेत मिळायची ती : इकडून शंकर, तिकडून गणपती. फूटपट्टीवर डोळा मिचकावणारी बाई. आमच्या वर्गात अशी पट्टी असलेल्या मुलीला भाव होता.

त्या चित्रावरून नख फिरवा. खर्रर्र आवाज येतो. वर पारदर्शक प्लास्टिकच्या उभ्या बारीक वरवंट्यांची रांग असते आणि प्रत्येक वरवंटा हे एक लांबुडकं भिंग. खाली दोन चित्रं पट्ट्या-पट्ट्या कापून एकाआड एक छापलेली असतात. एका कोनातून भिंग पहिल्या चित्राच्या पट्ट्या दाखवतं, कोन बदलला की दुसऱ्याच्या. आपल्या दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं मिळतील असं साधलं की खोली दिसते, म्हणजे थ्रीडी.

इथे डाळ नाही, काच आहे. वरवंटा काही मसुराच्या आकाराचा नसतो. लेंटिक्युलर म्हणजे 'भिंगवाली' छपाई. म्हणून 'भिंगाकार छपाई' असं म्हणू नका. छपाईवाले सरळ 'लेंटिक्युलर प्रिंट' म्हणतात, तेच बरं.

शरीरात आणखी कुठे हा शब्द येतो?

कानात आणि मेंदूत. मधल्या कानात तीन चिमुकली हाडं असतात, त्यातल्या ऐरण नावाच्या हाडाच्या टोकाला मसुराएवढंही नसलेलं एक बोंड असतं, ते लेंटिक्युलर. मेंदूच्या खोल भागातल्या एका केंद्रालाही त्याच्या आकारावरून हेच नाव आहे. शरीरात तांबं साठत जाणारा विल्सनचा आजार यकृताबरोबर या केंद्रावर घाव घालतो, म्हणून त्याचं जुनं नाव 'हेपॅटोलेंटिक्युलर डीजनरेशन'. किनिअर विल्सन यांनी त्याचं वर्णन केलं १९१२मध्ये.

माणसाने मुद्दाम केलेल्या वस्तूंमध्ये हा आकार का दिसतो?

कारणं वेगवेगळी आहेत. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बघा. ती पितळी चकती सपाट नसते. कडेला हात लावा, धार लागते. मध्ये जाड असते. हवा कापत जावी, अडू नये, म्हणून हा मसूर. फ्रेंच घड्याळजी त्या चकतीला लांतीयच म्हणतात. १९८४च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत फ्रान्चेस्को मोझेर या इटालियन सायकलपटूने तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापून विक्रम केला, तेव्हा त्याच्या सायकलला तारांऐवजी बंद चकतीची चाकं होती. इटालियनमध्ये असल्या चाकाला 'लेंटिकोलारे' म्हणतात.

पुलाचं कारण सगळ्यात देखणं आहे. इंग्लंडमध्ये सॉल्टॅशला टेमार नदीवर इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी बांधलेला रॉयल अल्बर्ट पूल १८५९मध्ये खुला झाला. त्याच्या दोन मोठ्या गाळ्यांपैकी प्रत्येक सुमारे १३९ मीटर लांब, आणि कडेने पाहिला तर प्रत्येक गाळा म्हणजे एक भलाथोरला मसूर. वर लोखंडी नळीची कमान, खाली लोंबत्या साखळ्या. कमान टोकांना बाहेर रेटते, साखळी टोकांना आत ओढते. दोघींची टोकं एकत्र बांधली की रेटा आणि ओढ आपसातच फिटतात आणि खांबांवर फक्त सरळ खाली जाणारं वजन उरतं. काठावर प्रचंड नांगरठोक करायची गरज पडत नाही. रेल्वे अजून त्याच्यावरून जाते.

जमिनीखाली 'लेन्स' असते म्हणजे काय?

चिखलाच्या थरात मध्येच वाळूचा एक फुगीर, दोन्हीकडे निमुळता होत संपणारा तुकडा असतो, त्याला भूशास्त्रज्ञ लेन्स किंवा लेंटिक्युलर थर म्हणतात. बेटांवर गोड पाण्याचीही अशीच 'लेन्स' असते. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं. हिशेब असा की गोड पाणी समुद्रपातळीच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर खोल असतं. मध्ये जाड, किनाऱ्याकडे पातळ. लक्षद्वीपची बेटं अशाच पातळ मसुरावर जगतात. जास्त उपसा केला की खालून खारं पाणी वर येतं. कोकणात अगदी किनाऱ्यालगत विहीर असलेल्यांना त्याची चव वेगळी सांगायला नको.

आंब्याच्या सालीवरचे बारीक ठिपके आणि हा शब्द यांचं काही नातं आहे का?

आहे. त्या ठिपक्यांना 'लेंटिसेल' म्हणतात, मराठीत वल्करंध्रं. झाडाच्या सालीला, फळाला, बटाट्यालाही ती असतात आणि त्यांतून हवेची ये-जा होते. सालीवर ती मसुरासारखी उंचवटलेली दिसली म्हणून हे नाव.

ख्रिश्चनांचा 'लेंट' हा उपासाचा काळ, संगीतातलं 'लेंटो', हेही मसुरावरूनच?

नाही. उपासाच्या दिवसांत डाळ खातात म्हणून लेंट, ही कल्पना छान आहे पण खोटी. लेंट हा जुन्या इंग्रजीतल्या वसंत ऋतूच्या शब्दावरून आला. लेंटो म्हणजे सावकाश, तो लॅटिन 'लेंटुस'चा.

लेंटिक्युलर, लेंटिफॉर्म आणि लेंटॉइड यांत फरक काय?

अर्थात फारसा नाही, वापरणारे वेगळे. मेंदूच्या त्या केंद्राला आज डॉक्टर बहुधा लेंटिफॉर्म म्हणतात. लेंटॉइड पुरातत्त्ववाल्यांचा, क्रीट आणि ग्रीसमधल्या कांस्ययुगीन फुगीर दगडी मुद्रांना ते लेंटॉइड म्हणतात.

मसुरावरून माणसांची नावंही पडली होती का?

रोममध्ये पडली होती. 'लेंटुलस' हे तिथलं बडं घराणं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की ज्यांच्या पूर्वजांनी जे कडधान्य उत्तम पिकवलं त्यावरून त्यांची आडनावं आली : लेंटुलस मसुरावरून, फेबियस बाकल्यावरून आणि सिसेरो हरभऱ्यावरून. यातला सिसेरो म्हणजे रोमचा प्रसिद्ध वक्ता. राजकारणात उतरताना त्याला मित्रांनी सुचवलं होतं की असलं हरभऱ्याचं नाव बदल. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या सांगण्यानुसार त्याने नकार दिला. पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्याने देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर आपली पहिली दोन नावं कोरून घेतली आणि तिसऱ्या नावाच्या जागी कारागिराला हरभऱ्याचा दाणा कोरायला सांगितला.